माझ्या परवानगीशिवाय काढू नये

३ मार्च
संकल्प : यंदा विभागप्रमुख व्हायचंच. तिकीट बुकिंगचा सर्व्हर मी नव्याने लिहिलाय. पूर्वी एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला एकच कामगार, सगळी कनेक्शन्स सांभाळायचा. आता चौसष्ट वर्कर थ्रेड. जो मोकळा, त्याने पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं. साहेब 'वा' म्हणाले. एकदाच म्हणाले, पण मनापासून.

७ मार्च
वर्करांवर विश्वास टाकून चालत नाही. दोघांनी एकच सीट विकली तर? म्हणून एक लॉक घातलं. लॉक ज्याच्या हातात त्यानेच काम करायचं, गिऱ्हाईक जाईपर्यंत. बाकीच्यांनी थांबायचं. कोडमध्ये वर लिहून ठेवलं : माझ्या परवानगीशिवाय काढू नये.

१२ मार्च
सर्व्हर कूर्मगतीने चालतोय. आमच्या टीममध्ये आलेली नवी चष्मेवाली म्हणते, लॉक फक्त सीट विकण्यापुरतं ठेवू या, आत्ता एक जण राबतो आणि बाकीचे नुसते उभे. तिला सांगितलं, यातच माझे केस पांढरे झाले. (रंगवतो, हे तिला कुठे माहीत!) वर्कर वाढवून दोनशे केले.

१६ मार्च, रविवार
बायकोला सगळं समजावलं. म्हणाली, म्हणजे दोनशे आचारी आणि पळी एकच. घरीही तुमचं तेच. लेक खो खो हसली. आईच्या वळणावर गेलीय.

२० मार्च, सकाळी
सुट्टीचं बुकिंग उघडलं आणि सर्व्हर आडवा. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, कारण सापडलं : एक प्रवासी, वय ८१, नाव भरता भरता फोनची रेंज गेली. लॉक त्यांच्याच वर्करकडे. सगळे खोळंबले. या वयात ऑनलाइन जायची हौस कशाला?

दुपारी
साहेबांना सांगितलं, चूक प्रवाशाची. त्यांनी रजेचा फॉर्म पुढे सरकवला. पटलं असावं. आठवडाभर रजा घ्या म्हणाले. बढतीआधीची विश्रांती.

२१ मार्च
ऑफिसचा फोन आला तर पहिल्या रिंगला उचलायचा नाही. माझ्यावाचून किती अडतं ते कळू दे मेल्यांना.

२४ मार्च
लेकीला माझ्या फोनवर रिंग द्यायला लावली. वाजतो.

२८ मार्च
साहेबांचा मेल. सर्व्हर चष्मेवालीकडे. मी परतलो की जुन्या फायलींकडे.
घरूनच एक तिकीट काढून पाहिलं. पापणी लवायच्या आत सीट मिळाली. म्हणजे लॉक काढलं. मला विचारलंसुद्धा नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
तिकीट रद्द केलं. माझी सीट लगेच दुसऱ्या कुणीतरी घेतली.