आधी क्ष, मग य

मखमलाबाद, नाशिक
दि. २ ऑगस्ट १९९६

ती. चांगुणामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आई जाऊन दोन महिने झाले. घरी सगळे ठीक. अण्णांनी झेंडू लावलाय. मी पोळ्या करते, आता गोल होतात. शेजारच्या अक्काबाई सगळीकडे सांगत फिरतात, की पोरीच्या डोळ्यात टिपूस नाय, काळीज दगडाचं हाय. मला त्याचंही काही वाटत नाही.

आईच्या आजारपणात मार्चला दहावीचं गणित गेलं, ते ऑक्टोबरला पुन्हा द्यायचंय. सुटलं तर अण्णा मला जूनमध्ये तुझ्याकडे सटाण्याला अकरावीला धाडणार. नाही सुटलं तर शिक्षण बंद, घर मी बघायचं. मला दोन्ही सारखंच.

तू दिलेली उदाहरणं सोडवलीत. दोन नाणी फेकली तर दोन छापे, दोन काटे किंवा एकेक. म्हणून निदान एक छापा येण्याची संभाव्यता २/३. आलेखावर वीस बिंदूही मांडलेत. तपासून कळव.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी शुभांगी

सटाणा
दि. ११ ऑगस्ट १९९६

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यापायी माझी लाल शाई संपली. अगं, छापा-काटा वेगळा आणि काटा-छापा वेगळा. शक्यता चार, त्यांतल्या तिनांत छापा. उत्तर ३/४.

आणि ते बिंदू! (२, ५) म्हणजे आडवं दोन, उभं पाच. तू आडवं पाच गेलीस. वीसच्या वीस उलटे! एखादा चुकला असता तर घाई म्हटलं असतं. वीस चुकले म्हणजे कुणीतरी तसं डोक्यात भरवलंय. कोण हे थोर गुरुजी? आडवा अक्ष क्ष, उभा य. आधी क्ष, मग य. शंभर वेळा लिहून काढ.

अक्काबाईंचं मनावर घेऊ नकोस. ताईचे दिवस झाल्यावर मीही वर्गावर गेले, पूर्ण तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. पण तुला दोन्ही सारखंच वाटतं, याची मला भीती वाटते.

जेवत जा. अण्णांना नमस्कार सांग.
तुझी मावशी

मखमलाबाद
दि. २४ ऑक्टोबर १९९६

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पेपर झाला. दसऱ्याच्या झेंडूच्या तोडणीमुळे लिहायला उशीर झाला.

गुरुजी कोण, असं विचारलं होतंस. आई. गजरे ओवताना ती माझ्याकडून मुळाक्षरं म्हणून घ्यायची. य र ल व, श ष स ह, ळ क्ष ज्ञ. त्यात य आधी येतो आणि क्ष पार शेवटाला. क्ष-य दिसले की माझ्या डोक्यात य-क्षच व्हायचं. शंभर वेळा लिहिलं तेव्हाही काही वाटलं नाही.

पेपरात आलेख आला. पहिला बिंदू हाताने सवयीने उलटाच मांडला. मी तो खोडला आणि नीट मांडला. बरोबर आला, मावशी, आणि आईचं काहीतरी आपणच पुसून टाकलं असं वाटलं.

फाटकाबाहेर अण्णा सायकल धरून उभे होते. त्यांना बघून मला रडू फुटलं, थांबेचना. पेपर अवघड गेला असं समजून ते म्हणाले, की जाऊ दे, मार्चला पुन्हा बस. मी सांगितलं, की पेपर सोपा होता, आईची आठवण आली. मग तेही रडले, तिथेच, सगळ्या पोरींसमोर.

निकाल अजून लागायचाय. रोज अण्णांना निकालाची तारीख विचारते. नापास झाले तर आईने शिकवलेलं उगाच मोडलं असं होईल. मला सटाण्याला यायचंय.

माया असू दे.
तुझी शुभांगी