डाव्या टोकाची कडी

सोम. ३ नोव्हें.
सकाळी सहा, जिम. स्क्वॉट ८० किलो, पाच-पाचचे तीन सेट. तिसऱ्यात पुन्हा उजवीकडं कललो. कंबर, उजवी बाजू, नेहमीची जागा. मालक रशीदभाई टेबलावरूनच, "सर, टेढे जा रे तुम! साइड-स्टँड पे लगाई सो स्कूटर के जैसे!"
मूर्तिशास्त्रात याला त्रिभंग म्हणतात. देवाला शोभतो. बावन्न वर्षांच्या बातमीदाराला नाही.
जिमचा जोडीदार मिलिंद यायचा बंद झाला त्याला चार महिने. दुखणंही चार महिन्यांचं. असो.

गुरु. ६
फिजिओकडं. पोरगी माझ्या लेकीएवढी. घोटे, खुबे, पायांची लांबी, सगळं मोजलं. सगळं सारखं. "काका, वजन कमी करा, खाली जाताना श्वास सोडू नका, आणि मागून व्हिडिओ काढा." मग, "काही टेन्शन?" म्हटलं, नाही. खरंच नाही. काहीच नाही. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

शनि. ८
व्हिडिओ काढला. नुसता दांडा घेऊन सरळ. विसाच्या चकत्या चढवल्या की उजवं टोक खाली. विसाची जोडी जिममध्ये एकच, स्टँडच्या डाव्या-उजव्या खुंटीवर एकेक. स्क्वॉटवालेही मी आणि मिलिंद दोघंच. पोरं मशीनवर.
मागं खिळ्यावर माझा नॅपकिन दिसतो. त्याच्याखाली मि.ची कडी. बशीएवढी, बोटभर जाड, कंपनीतल्या लेथवर त्यानं स्वतः केलेली. नऊ वर्षं चकत्यांनंतर ती डाव्या टोकाला चढवायचा. मी म्हणायचो, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यास आणि दृष्ट काढतोस?" तो, "तुझीच लागंल म्हणून, शास्त्री." नऊ वर्षं एकच विनोद. दोघंही हसायचो.
गेला तशी कडी खिळ्यावर. मी वर नॅपकिन वाळत घालतो.

मंगळ. ११
लिहून टाकतो. जुलैत शेंद्र्याला मि.च्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये एका कामगाराची दोन बोटं गेली. बातमी माझी, तीन कॉलम. 'पर्यवेक्षकाचा हलगर्जीपणा' हे शब्दही माझे. नाव नव्हतं, पण त्या शिफ्टला पर्यवेक्षक एकच. मि. निलंबित. त्यानंतर एकदाच जिमला आला. म्हणाला, "तू खोटं कायच लिहिलं नाहीस." बूट न घालता, हातात घेऊनच गेला.
खोटं नव्हतंच. शेवटी एक परिच्छेद होता, प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, बसवा म्हणून त्यानं दोनदा लेखी अर्ज दिल्याचा. जागा कमी पडली, शेवटून कापला. कापणारा मी. कापताना काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. वाटायला पाहिजे एवढं कळतं.

शुक्र. १४
रशीदभाई म्हणाले, "बदन में नुक्स नहीं, तो लोहे में देखो." शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चकत्या ठेवल्या.
उजवीकडची वीस किलो शंभर ग्रॅम. डावीकडची अठरा किलो तीनशे.
दोन्हींवर ठसठशीत २०. हलकीवर आतून पिवळ्या रंगाचा ठिपका. मला वाटायचं, कुणीतरी रंग सांडलाय.
कडीही ठेवली. एक किलो आठशे.
रशीदभाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? "मिलिंद बोला था ना. शास्त्री को मत बोलो बोला, वजन छोड के लोहे पे शक करते बैठेगा."
खरंच बसलो असतो.
भंगारवाला म्हणाला, काटा मोकळा करा. केला.

शनि. १५
कडी लावून ८० केलं. दांडा सरळ. मी तिरकाच. रशीदभाई, "अब लोहा सीधा है, तुम टेढे." चार महिन्यांत अंगानं शिकून घेतलंय. ४०वर आलो. श्वास भरायचा, धरायचा, सावकाश खाली. कंटाळवाणं. फिजिओला आनंद होईल.
संध्याकाळी उस्मानपुऱ्याला मि.कडं. दार सुनीतावहिनींनी उघडलं. "झोपलेत ते." आत टीव्हीवर मॅच, आणि मॅचवर मि.चा आवाज. दोघांनीही तो ऐकला नाही असं ठरलं.
"सोमवारी चौकशी हाय, भाऊजी. तुम्ही येनार व्हय, बातमी लिहायला?"
वहिनीच पुढं, "अर्ज देल्ते दोन्ही. सायबानं पोच देली नाय, आता म्हनतो आलेच नाय. ह्यांच्याजवळ कायच नाय दाखवायला." मग, "चहा टाकू?" तेही मनापासून. नको म्हटलं.

रवि. १६
सकाळपासून ही वही मागं चाळतो आहे. सापडलं. १२ मे: "मि. आज गार्डसाठी दुसरा अर्ज देऊन थेट जिमला. म्हणाला, साहेब हसला. मि. ९० × ५, मी ८०." अपघाताच्या दोन महिने आधीचं, माझ्या अक्षरात. जुलैतही हे पान इथंच होतं.
ओळखीच्या वकिलाला फोन केला. म्हणाला, झेरॉक्सवर भागणार नाही. पान फाडून तर नेऊच नका. अख्खी वही.
अख्खी. म्हणजे ११ तारीखही. 'कापणारा मी' हे साहेब वाचणार, आमचे संपादक वाचणार. आणि टेबलाच्या त्या बाजूला मि.
भीती वाटेल असं वाटलं होतं. कंबर तेवढी दुखतेय.
दुपारी मि.ला मेसेज टाकला: कडी तोलली.
तासाभरानं उत्तर: किती भरली?
१८०० टाइप केलं. पुसलं. उद्या दहाला शेंद्रा. वही पिशवीत टाकतो, हे एवढं लिहून झालं की. कडी किती भरली ते समोरच सांगीन, त्यानं तिथं विचारलं तर. नाही विचारलं तर वहीत आहेच, १४ तारखेला.