टक्क्याच्या चिन्हापुढच्या ओळी

कुमुदकाकू,

तुमचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून न उठवताच इथल्या पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसला निघालो. भात कुकरमध्ये आहे, वरण फ्रिजमध्ये.

काल संध्याकाळी कॉम्प्युटरवर काम करताना मी सवयीने ओरडलो, "रूपेश, हे कुठे अडतंय रे?" आणि तुम्ही स्वयंपाकघरातून धावत बाहेर आलात. काकू, माफ करा. तो अपघातात गेला, तुम्ही आम्हा दोघांच्या या फ्लॅटमधून त्याचं सामान न्यायला पुण्याहून आलात, तरी माझ्या जिभेला अजून ते कळलेलं नाही.

त्याची फाईल उघडली. तुमच्याच कविता आहेत. तुमच्या साठीला त्यांचं पुस्तक करून द्यायचं होतं त्याला. स्क्रीनवर सगळं इंग्रजी अक्षरांत दिसतं, पण ते बिघडलेलं नाही. 'टेक' नावाच्या प्रोग्रॅममधून काढलं की कागदावर मराठी उमटतं. छापलेली पानं टेबलावर ठेवली आहेत.

फाईलमध्ये काही ओळींच्या आधी टक्क्याचं चिन्ह आहे. त्या ओळी छापल्या जात नाहीत, त्या त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या. शेवटच्या कवितेपाशी अशीच एक ओळ आहे: "आईला फोनवर विचार, यातला 'तो' म्हणजे बाबा का?"

त्याने तुम्हाला विचारलं होतं का, मला माहीत नाही. विचारायचं राहिलं असेल, तर आज मी आल्यावर मला सांगाल का? मी त्याच्या ओळीखाली उत्तर टाईप करून ठेवीन.

धनेश