येणाऱ्याला नूडल्स

१२ ऑक्टोबर १९८७, दातोंग

एकदाची पोचले! घरून, समुद्रकाठच्या चिंगदाओपासून, दोन गाड्या बदलल्या. शेवटचा टप्पा तर कुणाची तरी कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन काढला. इथल्या कापडगिरणीतल्या मागांची तपासणी, चार दिवसांचं काम. स्टेशनामागच्या एका छोट्या घरगुती लॉजमध्ये उतरलेय. मी एकटीच पाहुणी. मालकीण हाओ मावशी तोंडाची फटकळ, पण हाताला चव! दारातच नूडल्सचा वाडगा पुढ्यात आदळला, वर काळं व्हिनेगर. आमच्याकडेही तीच रीत: येणाऱ्याला नूडल्स, म्हणजे पाय घरात बांधले जातात, जाणाऱ्याला डंपलिंग, म्हणजे वाट सुखरूप होते.

लेकीला, युनशियाला, पत्र टाकलं. अठ्ठावीसला तिचं लग्न, लाल रजई अजून शिवायची आहे. गमतीने लिहिलं, इथलं जेवण असं आहे की परतले नाही तर न्यायला ये.

१६ ऑक्टोबर

काम संपलं. पिशवी भरून खाली आले, तर मावशीचीही पिशवी भरलेली! म्हणाली, "मीपण निघालेय गं, माहेरी, वुहानला. सगळ्यांना घातलं, मला कुणी चार डंपलिंग घालेल का?" पोटात तुटलं माझ्या. कोबी चिरला, डुकराचा खिमा घेतला, वीस केले. खाताना रडत होती. निघताना गालावरून हात फिरवून म्हणाली, "अकरा वर्षं वाट पाहिली तुझी, भोळे." म्हातारी चेष्टेखोर.

ती गेल्यावर लक्षात आलं, मला कुणी घातलेच नाहीत. असू दे. जुन्या समजुती. दुपारची गाडी आहे.

१७ ऑक्टोबर

गाडीत डुलकी लागली. उतरले ती दातोंगलाच. माझंच काहीतरी चुकलं असणार.

१९ ऑक्टोबर

तीनदा गेले. तिसऱ्यांदा डोळे ताणून जागी होते. बोगदा आला, आणि पलीकडे तोच फलाट.

स्वतः डंपलिंग करून पाहिले. तोंडात राख झाली.

पिठाची फळी धुताना उलटी केली. खाली सुरीने पाच नावं कोरलेली. पाचवं हाओ मावशीचं. त्याखाली: 'जिला नूडल्स घालशील तिच्या हातचे डंपलिंग खा, सुटशील. मग ती अडकेल.'

त्याखाली सहावं नाव. माझं.

२१ ऑक्टोबर

दारात एक ट्रकवाला. "ताई, काही गरम आहे का?" विचारत होता. हाकलला. शिव्या देत गेला. मी काही हाओ मावशी नाही.

२४ ऑक्टोबर

तार आली. 'आई, अजून का नाहीस? न्यायला निघते. युनशिया.'

पोस्टात धावले. 'येऊ नकोस' एवढंच लिहिलं. कारकून म्हणाला, "बाई, कागद कोरा आहे. थट्टा करता?" पुन्हा लिहिलं. पुन्हा कोरा.

पत्रातल्या त्या गमतीचा मला आता तिरस्कार वाटतो.

२६ ऑक्टोबर

चूल विझवली. पीठ उकिरड्यावर. दाराला आतून कडी.

२७ ऑक्टोबर, दुपार

आली. कडी कुणी काढली? ओठ निळे पडलेत पोरीचे, कालपासून उपाशी. म्हणते, "आधी काहीतरी खायला घाल गं आई, मग ओरड."

नाही म्हणाले. ओरडून नाही म्हणाले.

हात पीठ मळत होते. माझेच हात. पीठ कुठून—

नूडल्सचा वाडगा पुसून खाल्ला तिने. हसली. व्हिनेगर आणखी मागितलं.

चार वाजता

ती डंपलिंग लाटतेय. मी सांगितलं नव्हतं.

सांगितलं का मी?

गाडी सव्वापाचला. उद्या लग्न. रजई अर्धी—

फळीखाली सातवं नाव आहे. युनशिया. सुरी माझ्या हातात कशी—

खाणार नाही. खाणार नाही. मरेन इथेच.

समुद्राचा वास येतोय. घराचा. दहा दिवसांत पहिल्यांदा भूक—

समोर धरलंय तिने. म्हणते, आई, मीठ बघ ना.

मीठच फक्त बघते. एकच. लगेच थुंकून टा—