चूल झाकून ठेवली आहे

रिओ ब्राव्हो नदी, उत्तरकाठ
ता. १२ एप्रिल १८४६

ति. टोमासाताईस क्रिस्पीनचा सा. न. वि. वि.

आई आणि शेळ्या खुशाल आहेत. माझी चौकशी तू करणार नाहीसच. आपल्या काठावर अमेरिकेची फौज उतरली आहे. ही पट्टी त्यांची म्हणे. आपलं सरकार म्हणतं, मेक्सिकोची. आजोबांपासून इथे राहणाऱ्या आपल्याला कुणी विचारलं नाही. नदी ओलांडून ताईकडे कामार्गोला जाऊ, असं म्हटलं तर आईने वरवंटाच उगारला. लेकीची नाळ या चुलीखाली पुरली आहे आणि लेकाची शेतात, त्यांना टाकून कुठे जाऊ, असं म्हणते. वर बाबांची कबर अंगणापलीकडे आहेच.

लोभ पत्रातून तरी या काठाला पाठवत राहा.
तुझा क्रिस्पीन


कामार्गो
ता. २० मार्च १८४८

चि. क्रिस्पीन यास अ. आ. वि. वि.

आपण युद्ध हरलो. पाद्रीबाबांनी तह समजावून सांगितला. यापुढे नदी हीच सरहद्द, म्हणजे आईचं घर परमुलखात गेलं. वर्षभरात इकडे आला नाहीत तर तुम्ही अमेरिकन. परक्या सरकारच्या दारात मी तिला मरू देणार नाही.

तू आईपुढे गोगलगाय, तेव्हा अक्कल माझीच चालव. माझी लेक महिन्याची झाली. आईला सांग, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तीच हवी, दोन दिवसांचं काम आहे. या मानाला आपल्यात कुणी नाही म्हणत नाही. एकदा आली की मी बघते.

देव तुला सुखी ठेवो आणि थोडा धीट करो.
तुझी ताई


मिएर
ता. ४ जून १८४८

ति. ताईस सा. न. वि. वि.

आईला तुझ्या दारात सोडलं आणि शेळ्यांचं निमित्त करून इथे, याच काठावरच्या मिएर गावी, पळून आलो. तुझ्याकडे बघवलं नाही.

घरातून निघताना तिने कपड्यांचा एकच जोड घेतला. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला दाणे टाकले. लग्नात पेटवलेली ती चूल कधी विझली नव्हती. तिचे निखारे तिने राखेने झाकले आणि मला सांगितलं, दोन दिवस सहज टिकतील. मी हो म्हणालो. ताई, मला शरम वाटते.

रागाव, पण लिही.
तुझा क्रिस्पीन


कामार्गो
ता. ३ नोव्हेंबर १८४८

चि. क्रिस्पीन यास अ. आ.

काल, मृतांच्या सणाच्या दिवशी, आई गेली. तिसऱ्याच दिवशी तिला आपलं खोटं कळलं होतं. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. रोज सकाळी फक्त विचारायची, की तिकडे राख कुणी सारली का.

तिला बाबांशेजारी न्यायचं म्हणून आम्ही नदीवर नावेपर्यंत गेलो. नावाड्याने हात जोडले. प्रेत पार न्यायला पलीकडच्या छावणीचा कागद लागतो, आणि तो कोण देणार? इथेच माती दिली. हे सगळं माझ्या हट्टाने झालं.

शक्य तर माझ्यावर माया ठेव.
तुझी ताई


नदीकाठचं आपलं घर
ता. २९ ऑगस्ट १८४९

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्ता वाचून दचकू नकोस. आठ दिवसांच्या पुरात नदीने वळण सोडलं आणि आपल्या घराच्या मागून, उत्तरेकडून, नवी वाट काढली. जुन्या पात्रात नुसता चिखल आहे. मी मिएरच्या काठाहून चालत आलो. पलीकडचा अंमलदार म्हणतो, तहात नदी लिहिली आहे, तेव्हा नदीअलीकडचं सगळं मेक्सिकोचं. म्हणजे घर आपलं, शेत आपलं, बाबांची कबरही आपली. आपण घरातून हललोच नसतो, तरी मेक्सिकोतच आलो असतो. स्वतःला दोष देऊ नकोस, नदीचं मन तुला कसं कळणार?

पाद्रीबाबांना विचार, आईला आता इकडे आणता येईल का. कुणाचा कागद लागत नाही.

छप्पर अर्धं पडलं आहे, पण चूल धड आहे. आईने झाकली तशीच. मी राख सारली. खाली कोळसेच होते, काळे आणि गार. तरी गुडघे टेकून बराच वेळ फुंकत राहिलो.

लवकर ये. येताना तुझ्या चुलीतला विस्तव घेऊन ये.
तुझा क्रिस्पीन