काचेच्या पुलावर सयाजीराव

१ जानेवारी २००९, गुरुवार

प्लायवूड कंपनीने डायरी फुकट दिली. फुकट का दिली, ते कळत नाही.

तरी संकल्प केला. रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. दुसरा संकल्प, उगाच कुणावर संशय घ्यायचा नाही. (पहिल्या पानाला आधीच घडी पडलेली आहे. कुणीतरी उघडून बघितलंय.)

५ जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाही. दुकानात गर्दी होती. म्हणजे होईल असं वाटलं होतं.

प्रेरणा, आमची एकुलती एक मुलगी, महिनाभरासाठी एका टूर्सच्या ऑफिसात ट्रायलवर लागली आहे. हुद्दा काय विचारलं तर म्हणे गाईड. आमच्या काळी गाईड म्हणजे काठावरच्या पोरांनी दप्तरात लपवायचं पुस्तक. ही तर बी.कॉम. फर्स्ट क्लास.

दर रविवारी ही बसभर माणसं घेऊन शाहूवाडीच्या वर घारकड्याला जाते. तिथं कुणा खासगी माणसाने कड्याबाहेर लोखंडी स्कायवॉक काढलाय आणि पुढे दोन कड्यांच्या मधे काचेचा पूल टाकलाय. लोक त्या काचेवरून चालतात. मी शाहूपुरीत तीस वर्षं काच विकतोय. काच फुटते. माझा सगळा धंदा त्यावरच चाललाय.

७ जानेवारी

घरी फोन आला. पुरुषाचा आवाज. प्रेरणा हाय का, म्हणाला. नाव विचारलं तर पृथ्वीराज. पुढे काही विचारायच्या आत ऑफिसातनं बोलतोय म्हणाला आणि ठेवला. नावावरूनच माणूस डोळ्यांपुढे आला. मिशा, गॉगल, मोटारसायकल.

त्यात गडहिंग्लजचं स्थळ आलंय. मुलगा बँकेत, घर आपल्यातलंच. त्यांची अट एकच, डोंगरात हिंडणारी सून नको. रात्री जेवताना मी सांगून टाकलं की अठरा तारखेनंतर होकार कळवणार. त्याच रविवारी तिची ट्रायलची शेवटची ट्रिप आहे.

प्रेरणाने भाकरी खाली ठेवली. म्हणाली, "आप्पा, मी काय करते ते एकदा बघून तर जावा की. मग सोड म्हणा, सोडते."

आणि उठून गेली. ताट तसंच. मलाही जेवण गेलं नाही. झुणक्यात मीठ जास्त होतं.

१० जानेवारी

बघायला जायचं ठरवलं. पण न सांगता. सांगून गेलो तर ते सगळे नीट वागतील, मग बघायचं काय?

दुकानातून फोन करून बुकिंग केलं. आवाज बदलून. नाव सांगितलं सयाजीराव. आवाजाची तयारी तीन दिवस न्हाणीघरात करत होतो, छान जमला. बायकोला, चन्नम्माला, सांगितलं, अठरा तारखेला सांगलीला जातोय, काच बघायला. कसली काच म्हणाली. भिंगाची म्हटलं. ती का हसली ते समजलं नाही.

आमचा कारागीर आकाराम फोन ऐकत होता. म्हणाला, "मालक, तुमी दुकानातली शिडी चढत न्हाईसा, तितं कसं व्हायचं?" शिडी मी तत्त्व म्हणून चढत नाही. मालकच शिडीवर गेला तर आकारामने काय करायचं? पन्हाळ्यावरही मी तटापासून लांब उभा राहतो, ते वाऱ्याने चष्मा हलतो म्हणून. उंचीशी माझं काही भांडण नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

गोड बोलायचा संकल्प केला. सकाळी दहापर्यंत टिकला. मग गिऱ्हाईक आलं.

ऑर्डर दिलेल्या चपला आणल्या. तळात बी घालून करकर वाजतील अशा करून घेतल्या. अण्णासो हुक्केरी येतोय हे चार घरं आधी कळलं पाहिजे. रविवारी ह्याच घालणार. काम गुप्त असलं म्हणून रुबाब का सोडायचा?

१७ जानेवारी, संध्याकाळ

सामान काढून ठेवलं. मफलर, गॉगल, मापपट्टी, रुपयाचं नाणं. नाण्याने ठोकलं की आवाजावरून मी काच ओळखतो. घारकड्याची काच खिडकीची असणार, वर पट्ट्या चिकटवलेली. भर पुलावर सगळ्यांच्या देखत सिद्ध करून दाखवणार. मग पृथ्वीराज उघडा पडेल, प्रेरणा आपणहून नोकरी सोडेल, गडहिंग्लजचे खूष. सगळं एका नाण्यात.

१८ जानेवारी, रविवार, बसमध्ये

मफलर आणि गॉगल लावून चढलो. खिडकीत चन्नम्मा बसलेली. बुट्टीत भाकऱ्या. मी ओळख दाखवली नाही. तिने पिशवी उचलून शेजारी जागा केली आणि म्हणाली, "बसा, सयाजीराव." न्हाणीघराची भिंत फार पातळ आहे.

मग प्रेरणा माईकवर यादी वाचायला लागली. सयाजीराव म्हटल्यावर हात वर करावा लागला. ती जवळ आली, माझ्याकडे बघितलं. माईक बाजूला करून हळूच म्हणाली की मफलर काढा, उकडंल. आणि पुढचं नाव वाचलं. चेहऱ्यावर काही नाही.

हे इतकं सहज खोटं वागणं ही कुठून शिकली?

त्याच दिवशी, घारकडा, जेवण झाल्यावर

पृथ्वीराज इथं जीप घेऊन आधीच पोचला होता. साठीचा आहे. टक्कल, शुगर, चहा बिनसाखरेचा. प्रेरणाला बाळ म्हणतो. टूर्सचा मालक तोच. अशा नावाचा माणूस असा निघणं ही सरळ फसवणूक आहे.

संशय ड्रायव्हरकडे वळवला. त्याने आपल्या तीन मुलींचे फोटो दाखवले. धाकटीला गोवर येऊन गेला, तेही सांगितलं. संशय काचेवर परत आणला.

स्कायवॉकवर सगळे जाऊन आले. मी गेलो नाही. बॅगा कुणी सांभाळायच्या? तिथून प्रेरणावर नीट लक्ष ठेवलं. एका बाईला जाळीवर चक्कर आली, तर हिने तिला पाठीमागून धरलं, बोलण्यात गुंतवलं आणि बाहेर आणलं. दुसऱ्या एकाने पानाची पिचकारी मारली, त्याच्याकडूनच ती धुऊन घेतली. तो चक्क धूत होता. दोष एकच आढळला, फार मोठ्याने बोलते. कोल्हापुरात हा दोष धरत नाहीत, तरी नोंद केली.

दिवसभर मला सयाजीराव म्हणते आहे. सयाजीराव, पाणी प्यालात का. सयाजीराव, कडेला जाऊ नका. आता पूल.

१९ जानेवारी

काल पुढचं लिहिता आलं नाही. हात कापत होता. घाटात थंडी असते.

पुलाच्या तोंडाशी चपला काढून ठेवा म्हणाले. देवळाबाहेर ठेवलेल्या चपलांचा मला अनुभव आहे. शिवाय काचेच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, काचेजवळ अनवाणी फिरायचं नाही. म्हणून काढल्या, मफलरात गुंडाळून काखेत मारल्या आणि पुलावर जाऊन गपचूप परत घातल्या. नाणं काढून मुठीत धरलं. पुढे गडमुडशिंगीच्या बयाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, नऊवारी लुगडं, तोंडात तिळगूळ. रंकाळ्यावर फिरायला आल्यासारख्या चालल्या होत्या.

एक पाऊल टाकलं. कर्र.

थांबलो. काचही थांबली. दुसरं टाकलं. कर्रर्र.

तीस वर्षांचा अनुभव एकदम कानात आला. मी ओरडलो, "काच तडकली! मागं सरका!" केवळ लोकहितासाठी. मग आडवा झालो. वजन पसरलं की काचेवरचा दाब कमी होतो, हे शास्त्र आहे. पुढचे पुढे पळाले, मागचे मागे. कुणाचा तरी डबा सांडला. लोक शास्त्र न समजता पळतात.

बयाबाई जागच्या हलल्या नाहीत. कमरेत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पावणं, काच न्हाय तडाकली. चप्पल वाजतीया तुमची."

काचेतलं मला सांगू नका म्हणालो. पाय हलवून बघा म्हणाल्या. हलवला. कर्र. त्यांचे मालकही असेच वाजत यायचे, चुलीपाशी बसल्या बसल्या कळायचं, असं त्या सांगत राहिल्या. गेले म्हणे आता. मी ऐकून घेतलं. पडल्या पडल्या दुसरं काय करणार?

प्रश्न असा आला की मला उठता येईना. गुडघा. तोंड काचेवर होतं आणि काचेखाली काहीच नव्हतं. खूप खाली झाडांचे शेंडे, आणि मधे एक घार फिरत होती. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. नाणं मुठीतच होतं. ठोकायची छाती झाली नाही.

प्रेरणा आली. अनवाणी. आधी पळालेल्यांना मोठ्याने सांगितलं की पुलाला काही झालेलं नाही, जागच्या जागी बसून घ्या. सगळे बसले. मग माईक बंद केला आणि माझ्याजवळ काचेवर मांडी घातली. माझ्या चपला काढायला लागली. बापाच्या चपलांना हात लावू नको म्हटलं, तर ऐकलं नाही. एक काढली, दुसरी काढली, दोन्ही काखेत मारल्या. हात पुढे केला.

"आप्पा, खाली बघू नका. माझ्याकडं बघा."

सबंध दिवसात तेवढं एकदाच आप्पा म्हणाली.

लहान असताना रंकाळ्याच्या काठाने चालताना मी तिचा हात असा धरायचो. पाण्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ, असं सांगायचो. तिला ते आठवत असेल असं वाटलं नव्हतं. पलीकडे पोचेपर्यंत मी तिच्या कपाळावरच्या विभूतीकडे बघत चाललो. हात घट्ट होता.

खरं तेच लिहायचं असा संकल्प आहे, म्हणून लिहितो. मी भ्यालो होतो. फार भ्यालो होतो. आणि तिचा मला अभिमान वाटला. (थंडीही होती.)

पलीकडे चन्नम्मा आधीच जाऊन पेरू खात बसली होती. मीठ लावून.

परतताना पृथ्वीराजनी बसमध्ये चढून सगळ्यांसमोर जाहीर केलं की असला पॅसेंजर सांभाळला म्हणजे पोरगी कुठंही बस नेईल, उद्यापासून पक्की. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. नीट विचार केला तर तिला पक्की मीच केली. मी पडलो नसतो तर तिची परीक्षा कशी झाली असती?

२१ जानेवारी

गडहिंग्लजला नकार कळवला. कारण असं दिलं की योग नाही. खरं कारण त्यांच्या खिडक्यांची काच. बघायला गेलो तेव्हाच हलकी वाटली होती.

जेवताना प्रेरणाला सांगितलं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि स्वतः दोन खाल्ल्या. चन्नम्मा म्हणाली की त्या चपला आकारामला देऊन टाका आता. का म्हणून? चपला टाकल्या तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. आणि झालंय काय? काच तडकलेली नाही, माणूस पडलेला नाही, आडवा झालेला आहे. सयाजीराव कोण हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. पोरीने तेवढी लाज राखली.

आकाराम रोज विचारतो, सांगलीची काच कशी होती. याला कुणी सांगितलं असावं असा संशय आहे.

७ फेब्रुवारी

मधे सोळा पानं कोरी. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

दुपारी इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक आलं. आरसा पाहिजे होता. आकाराम जेवायला गेलेला. बोलता बोलता गिऱ्हाईक म्हणालं की गेल्या रविवारी घारकड्याला जाऊन आलो. गाईड मुलगी काय हुशार हो, म्हणालं. मी छाती पुढे काढली, पण ओळख सांगितली नाही.

मग त्याने सांगितलं की पुलावर जायच्या आधी बायामाणसं घाबरतात, तेव्हा ती मुलगी माईकवर सयाजीरावांची गोष्ट सांगते. सयाजीराव चोरून चपला घालतात, चप्पल वाजते, काच तडकली म्हणून सयाजीराव पालथे पडतात. सगळी बस हसते आणि हसत हसत पूल पार करते. पुलाच्या तोंडाला आता बोर्ड पण लावलाय म्हणे, करकरणाऱ्या चपला घालून पुलावर येऊ नये.

मी त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो. डोळ्यांतून पाणी आणलं. असली माणसं असतात म्हटलं, सांगलीकडचा असणार. काचेतलं काही कळत नाही आणि काचेवर जातात. तो म्हणाला, खरं हाय. दोघंही हसलो. संकट टळलं.

मग गल्ल्यामागून उठलो, आरसा काढला आणि घेऊन निघालो.

कर्र. कर्र. कर्र.

गिऱ्हाइकाचं हसू थांबलं. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मग वर तोंडाकडे. मी आरसा धरून उभा. तो हात जोडून म्हणाला, "सयाजीराव, जरा जपून की. काच हाय हातात."