वजन किती, सोबत कोण

हौगांग, सिंगापूर
पोळ्याचा दुसरा दिवस, २०१६

तीर्थरूप मामांस,

प्रकाशचा शिरसाष्टांग नमस्कार. (मधे पोट येत असल्यामुळे आठांपैकी नेमकी किती अंगं जमिनीला टेकली, हे कृपया विचारू नये.) आपली तब्येत ठणठणीत असणारच, बिघडायची तिची काय बिशाद! तरी रीत म्हणून विचारतो, गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र घालता की ते अजून देव्हाऱ्यात गणपतीशेजारीच ठेवलंय? ते घातलं असतंत तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मागे फोनवर मी "मामा, कसे आहात?" असं विचारलं, त्यावर तुम्ही "हां, पाऊस बरा आहे" म्हणालात, मला लठ्ठपणावर भाषण दिलंत आणि फोन ठेवून दिलात. तासगावच्या शाळेत जन्मभर ड्रिल मास्तर म्हणून काढल्यामुळे समोरचा माणूस सावधानमध्ये गप्प उभा आहे, असं तुम्ही धरूनच चालता. मामी होत्या तेव्हा त्या तुमच्या कानात ओरडून माझं म्हणणं पोचवायच्या. आता ते खातंच बंद झालं.

तुमचं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर दोनच ओळी: "वजन किती? सोबत कोण?" खाली सही. इतकी जागा मोकळी सोडलीत की पोस्टमनला वाटलं असेल, उत्तर त्याच कार्डावर लिहून परत पाठवायचंय. पण दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका ओळीत मावणारी नाहीत, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

स्मिता आणि ऋता पुण्याला गेल्या त्याला दोन वर्षं झाली, हे तुम्हाला माहीतच आहे. ऋताला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, मुलीला एकटीला कसं ठेवायचं म्हणून स्मिता गेली, आणि बापाला एकट्याला ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती. (माझीही नव्हती. मीच म्हटलं होतं, जा.) मग मी तो मोठा काँडो सोडला आणि हौगांगला सरकारी इमारतीत लहानसा फ्लॅट भाड्याने घेतला. ऑफिस हार्बरफ्रंटला, जहाज कंपनीचं. तुम्ही गावात सांगता तसा मी जहाजावर नाही. जहाजं खिडकीतून दिसतात आणि मी काँप्युटरवर कंटेनर मोजतो. दिवसभर बसून. संध्याकाळी घरी येऊनही बसतोच, फक्त खुर्ची बदलते. अशा बसण्याला जे फळ यायचं ते यंदाच्या मेडिकलमध्ये आलं. साखर वाढली, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरीणबाई माझ्या पोटाकडे बघून एवढं गोड हसल्या की मला वाटलं, आता अभिनंदन करतात की काय. म्हणाल्या, भात कमी करा, सायकल चालवा, आणि "फाइंड अ फ्रेंड टू डू टुगेदर, इझिअर लाह." म्हणजे तुमचेच दोन प्रश्न, फक्त फी घेऊन.

भात लगेच बंद केला. सकाळी ओट्स सुरू केले. ओट्स म्हणजे काय हे तुम्हाला समजावं म्हणून सांगतो, पोस्टाची पाकिटं चिकटवायला आपण शाळेत जी खळ करायचो, तीच, फक्त चमच्याने खायची. चहा सोडला. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी मिळते, तिला कोपी-ओ कोसोंग म्हणतात. कोसोंग म्हणजे रिकामं. ती विकणारे चिनी अंकल पहिल्या दिवशी मला म्हणाले, "बॉस, नो शुगर, नो मिल्क, नो वाइफ. व्हॉट यू गॉट?" मी हसलो. वर येईपर्यंत हसत होतो. मग कुलूप उघडलं आणि हसणं थांबलं, कारण विनोद सांगायला घरात कुणी नव्हतं.

मग सायकल. दुकानदाराने मला बोटाएवढ्या बारीक चाकांची, मडगार्ड नसलेली, स्टँड नसलेली सायकल दाखवली आणि किमतीचा आकडा असा सांगितला की आपण गावाकडे तेवढ्यात म्हैस घेतो. मी म्हटलं, मला घंटी पाहिजे, चेनकव्हर पाहिजे, जाड स्टँड पाहिजे, आणि मागे भक्कम कॅरिअर पाहिजे. तो म्हणाला, "कॅरिअर फॉर व्हॉट? यू डिलिव्हर फूड आ?" आता त्याला काय सांगू? तुमच्या कॅरिअरवर बसून मी सगळी चौथी-पाचवी काढली. उन्हाळ्यात ते तापायचं तेव्हा तुम्ही खाली टॉवेलची घडी घालायचात, आणि चढ आला की "पुढे वाक, वारा काप" म्हणायचात. (मागे बसलेल्याने वाकून वारा कसा कापला जातो, हे मला अजून कळलेलं नाही. पण मी वाकायचो.) ज्या सायकलवर दुसरं माणूस बसू शकत नाही, तिला सायकल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथे डबलसीट चालत नाही, दंड होतो, हे दुकानदाराने बजावून सांगितलं. तरी मी कॅरिअर लावून घेतलंच. त्यावर सध्या पाण्याची बाटली बसते.

इथे नद्यांच्या काठाकाठाने सायकलींसाठी सुरेख रस्ते काढलेत. पहिल्या रविवारी निघालो. माझ्यापुढून जे लोक गेले ते सगळे कातडीला चिकटलेल्या चकचकीत कपड्यांत होते. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे पायजमा पायाशी क्लिपने आवळला होता. लोक वळून बघत होते, त्यात एक कुत्राही होता. तसाच पुढे पुढे जात पुंगोलला पोचलो आणि तिथून एका बेटावर. कोनी आयलंड त्याचं नाव. सुरूची झाडं, मातीचा रस्ता, समुद्र, आणि दारात एक पाटी: बेटावर एक गाय मोकळी फिरते, दिसल्यास घाबरू नका, जवळ जाऊ नका, खायला घालू नका. एक! मामा, सबंध बेटावर एकच. कुठून आली, कुणी आणली, कुणालाच ठाऊक नाही.

आणि ती गाय मला भेटली. सकाळची वेळ होती, वळणावर वळलो तर रस्त्यात आडवी उभी. बघतो तर गाय कसली, चांगला बैल! पांढरा, उंचापुरा, हे एवढं वशिंड. सगळा देश त्याला गाय म्हणतो आणि तो बिचारा कुणाला सांगणार? मी ब्रेक दाबला आणि तोंडातून आपोआप निघालं, "हो, हो, हो... राजा, जरा कडेला होतोस का?" त्याने एक कान माझ्याकडे वळवला. अगदी आपला गावचा बैल, पाखऱ्या, वळवायचा तसा. मग मी आणखी बोललो. कुठला तू, इथे कसा अडकलास, घरचं कोण आहे, असं काहीबाही. तो रवंथ करत ऐकत होता. थोड्या वेळाने झाडीत निघून गेला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की फोन सोडून, कुणासमोर उभं राहून, मोठ्याने मराठी बोलून मला कित्येक आठवडे झाले होते. मी तिथेच सायकल स्टँडवर लावली. त्याचं नाव मी पाखऱ्याच ठेवलं. तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

तेव्हापासून दर रविवारी जातो. दिसतो क्वचित, पण जातो. स्मिता फोनवर विचारते, एकटाच जातोस का रे, वाटेत चक्कर आली तर? तिला मी सांगितलंय की आमचा ग्रुप आहे. ग्रुपमध्ये दोघं, मी आणि पाखऱ्या. त्यातला एक फार नियमित येत नाही. तिला बरं वाटलं. म्हणाली, ग्रुपचा फोटो पाठव. मी सायकलचा पाठवला.

आता कालचं सांगतो, म्हणजे पत्र संपेल. आपल्याकडचा बैलांचा सण, आषाढातला बेंदूर, ऑफिसच्या ऑडिटमध्ये बुडाला. म्हटलं, निदान इतरांचा पोळा तरी गाठावा. आमच्या मॅनेजर मिस लिम यांच्याकडे रजा मागितली. त्यांनी विचारलं, कसला सण? मी म्हटलं, बैलांचा. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "यू गॉट बुल मेह?" मी म्हटलं, येस, वन. रजा मिळाली, मला वाटतं, पुढे आणखी प्रश्न विचारायला नको म्हणूनच मिळाली. पहाटे उठून पुरण शिजवलं. स्मिताला विचारता येईना, कारण मी तिच्या हिशोबी ओट्स खातो. पोळ्या लाटल्या त्या गोल सोडून सर्व आकारांच्या झाल्या, दोन तव्यावरच फुटल्या. डबा कॅरिअरला लावला (बाटलीखेरीज त्यावर पहिल्यांदाच काही वजन पडलं) आणि निघालो. खाऊ घालायची बंदी आहे हे माहीत होतं. मी काही कायदा मोडणारा माणूस नाही. लांबून नैवेद्य दाखवायचा, नमस्कार करायचा आणि परत यायचं, एवढंच मनात होतं.

दुपारपर्यंत बसलो. आला नाही. वाळूमाशांनी पोटऱ्या फोडून काढल्या. शेवटी उठून आत चालत गेलो, तर पायवाटेवर शेण. ताजं! म्हणजे स्वारी इथेच कुठेतरी होती. मामा, मला इतका आनंद झाला की मी त्या शेणापाशी उकिडवा बसून ते नुसतं बघत राहिलो. दोन चकचकीत कपड्यांवाल्या मुली सायकली थांबवून काळजीने विचारू लागल्या, "अंकल, ओके ऑर नॉट?" मी म्हटलं, व्हेरी ओके. त्या थोडं लांब जाऊन परत वळून बघत होत्या. मग मी सायकलपाशी आलो, हँडलच्या दोन्ही टोकांना हळदकुंकू लावलं, लिटल इंडियातून आणलेले गोंडे बांधले, घंटीवर एक फूल खोवलं आणि तिलाच नैवेद्य दाखवला. बिचारी मला निमूट वाहून नेते, आणखी काय पाहिजे? प्रसाद वाया जाऊ नये म्हणून सगळ्या पोळ्या मी खाल्ल्या. सगळ्या, म्हणजे फुटलेल्यासुद्धा. साखरेचं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंना पोळ्याची कल्पना नसणार.

तर असं आहे. वजन उतरणीला लागलंय, ऐंशीच्या घरात आलंच म्हणा. सोबतीचं वर सविस्तर लिहिलंय. काळजी नसावी. शेवटी मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहायचा, पण आता घरात मोठे तुम्ही आणि लहानही तुम्हीच, तेव्हा दोन्ही तुम्हीच ठेवून घ्या.

तुमचा
प्रकाश

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं. बॅगेतच होतं. आज ऑक्टोबरचा मध्य उलटलाय. गेल्या आठवड्यात मिस लिम यांनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्र आणून ठेवलं. बातमी होती, बेटावरचा तो बैल मेलेला सापडला. पाखऱ्या गेला, मामा. तुम्हाला आठवतं, आपला पाखऱ्या गेला त्या दिवशी तुम्ही शाळेत ड्रिल घेतली नव्हती. आम्ही मुलं खूश होऊन हुंदडत होतो. तुम्ही झाडाखाली पाठ करून बसला होतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'कुटुंब' लिहिलं. घरी येऊन रडलो. खरं सांगायचं तर सगळंच्या सगळं त्याच्यासाठी नव्हतं.

ता. क. दुसरा. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करून लिहितो. सोबत कुणी नाही. हे स्मिताला मी सांगेन, तुम्ही सांगू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र मुळात यासाठीच आहे. दिवाळीला येतोय. पुण्याला जायच्या आधी तासगावला येईन. जानेवारीत माझा इथला नोकरीचा पास संपतो; नवा घ्यायचा की सामान बांधायचं, हे मला तुमच्याशी बोलायचंय, पण समोरासमोर बसून जमेल असं वाटत नाही. तेव्हा तुम्ही एसटी स्टँडवर सायकल घेऊन या. मी मागे बसतो आणि बोलतो. तुम्हाला ऐकू येणार नाही, तेच बरं. चढ आला की मी चालवीन, तुम्ही मागे बसा आणि वारा कापा.

ता. क. चौथा. एवढ्यासाठी आता वजन खरं सांगणं भाग आहे. ब्याण्णव. सायकल घेतली तेव्हा त्र्याण्णव होतं. मागच्या चाकात हवा भरून ठेवा.